फाटकाच्या वेळा

१. पाणीपुरवठा
*मंगळवारी टाकी सफाई. वॉर्ड तीन ते सहामध्ये सकाळचे पाणी अर्धा तास उशिरा येईल.*

पाणी अर्धा तास उशिरा येईल असं छापलं की ते दीड तास उशिरा यायचं, आणि लोक तेवढं मनाशी धरूनच बादल्या लावायचे. कुणाचं काही अडत नसे. नोनाघाट नगरपालिकेचं साप्ताहिक पत्रक अशाच समजुतीवर चाललं होतं. कुठलं खातं सोमवार ते रविवार काय करणार हे त्यात असायचं. दर शुक्रवारी ते निघायचं, आणि गेली एकोणीस वर्षं ते कालिंदी आठल्ये काढत होती.

कालिंदी जन्माने कोलकात्याची. आजोबा रेल्वेच्या नोकरीत गार्डन रीचला आले आणि निवृत्त झाल्यावर परत जायचं विसरून गेले. तेव्हापासून घरात मराठी, दाराबाहेर बांगला आणि कागदावर इंग्रजी, असं तीन खोल्यांच्या घरासारखं त्यांचं चाललेलं. माझेरहाटला बजबज लोकल धरून ती रोज नोनाघाटला उतरायची. नदीला चिकटून लांबट पसरलेलं गाव. एका टोकाला बंद पडलेली तागाची गिरणी, दुसऱ्या टोकाला तेलाच्या टाक्या, मधे सोळा वॉर्ड. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. तिच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

२. दिवाबत्ती
*चौदा दिवे दुरुस्त.*

दर आठवड्याला चौदाच. एकदा तिने त्या खात्याच्या माणसाला विचारलंही होतं, "दर वेळी चौदाच कसे हो बिघडतात?"

"तेरा अशुभ असतात, दीदी. आणि पंधरा लिहिले तर पुढच्या शुक्रवारी साहेब सोळा मागतील."

तिने चौदा छापले.

३. उद्याने
*(चिठ्ठी आली नाही.)*

४. सांडपाणी
*लॉकगेट खालील वेळांत बंद राहील.*

या कलमाला मात्र समजूत चालत नसे. ते वाचून एक माणूस खरोखर काम करायचा.

गावाचा मोठा नाला जिथे नदीला मिळतो तिथे एक लोखंडी फाटक आहे. ओहोटीला ते उघडं ठेवायचं, म्हणजे गावाचं घाण पाणी नदीत जातं. भरतीला ते खाली पाडून बंद करायचं, नाहीतर नदीच नाल्यातून उलटी गावात येते. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आठवडाभरात ती इतकी सरकते की सगळं उलटं होतं, गेल्या सोमवारी ज्या वेळेला भरती होती त्याच वेळेला या सोमवारी ओहोटी असते. बंदराकडून भरती-ओहोटीचं छापील पुस्तक यायचं, एका पानावर एक आठवडा. कालिंदी त्या पानावरून वेळा उतरवायची, भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा दीड तास धरून फाटकाच्या वेळा काढायची, आणि पत्रकात घालायची.

फाटक चालवायचा श्यामसुंदर हालदार. सव्वीस वर्षं. फाटकाच्या डोक्यावरच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, तिथे तो आणि त्याची बायको राहायचे. खिडकीतून थुंकलं तर नदीत पडावं इतकी जवळ नदी. त्याला पुस्तक लागत नसे. पाण्याचा रंग बघायचा, घाटाच्या कितव्या पायरीला ओल आहे ते बघायचा, आणि चाक फिरवायचा. पत्रकातली वेळ आणि त्याची वेळ यात पाच-दहा मिनिटांचा फरक पडे. तेवढा कुणी मोजत नव्हतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी मात्र मोजला गेला. त्या दिवशी पत्रकातली वेळ उलटून गेली तरी नदी उतरत नव्हती, म्हणून श्यामसुंदरने चाळीस मिनिटं जास्त फाटक बंद ठेवलं. वरून पाऊस. आतलं पाणी आत तुंबलं आणि चेअरमनच्या मेव्हण्याच्या मिठाईच्या दुकानात शिरलं. फाटक उघडलं असतं तर नदीच आली असती आणि मिठाईबरोबर मेव्हणाही वाहून गेला असता, पण हे सांगायचं कुणी? एक सर्क्युलर निघालं:

*लॉकगेट चालवताना कर्मचाऱ्याने छापील वेळापत्रकाचे काटेकोर पालन करावे. स्वतःच्या अंदाजाचा वापर करू नये.*

मसुदा कालिंदीचा होता. शेवटचं वाक्य तर साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिला बरं वाटलं होतं.

५. घाट
*गणेश विसर्जनासाठी घाटांची सफाई पुढील आठवड्यात.*

गणपतीच्या आधीचा शुक्रवार. दुपारी तीनला तिचा फोन वाजला. मराठी मंडळाचे सेक्रेटरी श्रीकांत गद्रे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, तीन वर्षांपूर्वी ठाण्याहून बदलून आलेले.

"कालिंदीताई, चतुर्दशीची वेळ काढून द्या बुवा. गेल्या वर्षी काय झालं पाहिलंत ना? मूर्ती चिखलात उभी आणि आम्ही चिखलात आडवे."

"गेल्या वर्षी मला विचारलं होतं का कुणी?"

"चुकलं, चुकलं. कान पकडतो. फोनवर दिसत नाही, पण पकडलाय. म्हणून तर यंदा पंधरा दिवस आधी विचारतोय."

कोलकात्याच्या नदीत विसर्जन म्हणजे हा एक प्रश्नच असतो. ओहोटीला गेलात की पायऱ्या संपल्यावर वीस हात चिखल, आणि देवाला त्या चिखलात ठेवून यायचं म्हणजे जिवावर येतं. भरती पूर्ण भरलेली हवी, पाणी वरच्या पायरीला टेकलेलं. बंगाली शेजाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, ते दणकून ढकलतात आणि घरी जातात. मराठी मंडळाला मात्र पाण्यात अलगद सोडायचं असतं, तीनदा बुडवून, शेवटी हातातून निसटू द्यायचं असतं.

तिने पुस्तक काढलं. अनंत चतुर्दशी शनिवारी होती, म्हणजे येता आठवडा सोडून त्याच्या पुढचा. तिने पान उलटलं, फूटपट्टी लावली.

"बारा वाजता घाटावर या. साडेबाराला सोडा. पाऊणच्या पुढे जाऊ नका."

"लिहून घेतलं. तुमच्यासारखं माणूस प्रत्येक मंडळात पाहिजे."

फोन ठेवते तोच ड्रेनेजचे सहायक अभियंता सलील बागची दारात. "कालिंदीदी, पत्रक लवकर द्या. छापखानेवाला आज पाचला बंद करतोय, त्याच्या सासरी काही आहे."

तिने संगणकावर गेल्या आठवड्याचं पत्रक उघडलं. तारखा संगणक आपणहून बदलायचा, वेळा हाताने घालायच्या. पुस्तक समोर उघडं होतं, फूटपट्टी लावलेली. तिने सात दिवसांच्या वेळा घातल्या. तारखा येत्या आठवड्याच्या, वेळा विसर्जनाच्या आठवड्यातल्या.

एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण एकोणीस वर्षांत मंडळाने तिला कधी विचारलंही नव्हतं.

६. जन्म-मृत्यू नोंद
*दाखले सोमवार ते शुक्रवार, अकरा ते दोन.*

हल्ली सगळ्यांनाच जन्माचे दाखले लागत होते. सोमवारी सकाळपासून रांग जिन्यापर्यंत गेलेली. नोंदणीवाली आभा रजेवर, म्हणून कालिंदी खिडकीवर बसली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी श्यामसुंदरचा फोन आला.

"दीदी, नदी चढतेय. फाटक पाडू का?"

"पत्रकात काय आहे?"

"पत्रकात संध्याकाळी साडेपाच आहे."

खिडकीत एक म्हातारा स्वतःच्या जन्माचा पुरावा म्हणून बापाच्या मृत्यूचा दाखला पुढे करत होता. कालिंदी एका हाताने तो परत सारत होती.

"मग साडेपाचला पाडा, श्यामदा. सर्क्युलर माहीत आहे ना?"

"ते माहीत आहे. पण परवाच अमावस्या झाली, दीदी. मोठं उधाण आहे. नदीचं तोंड बघा तुम्ही…"

"नदीला सर्क्युलर लागू नाही. तुम्हाला आहे."

रांगेतले दोघं-तिघं हसले. कालिंदीलाही आपलं वाक्य आवडलं. तिकडून श्यामसुंदर म्हणाला, "बरं."

दीड वाजता नदी नाल्यातून वर आली. बारा आणि तेरा नंबर वॉर्डात, जिथे घराघरात शिवणयंत्रं आहेत आणि दुर्गापूजेच्या बाजारासाठी पोरींचे फ्रॉक शिवून गठ्ठे बांधून ठेवलेले होते, तिथे आधी मोरीतून बुडबुडे आले, मग झुरळं आली, मग पाणी. अर्ध्या तासात कमरेएवढं. पाऊस थेंबभर नव्हता. लोक वर आभाळाकडे बघत होते आणि पाणी खालून चढत होतं.

फाटक पाडायला आता लेखी आदेश हवा होता, कारण पत्रकाबाहेरचं काम. सलीलबाबूंनी तो चेअरमनची सही घेऊन, मोटारसायकलवरून पाठवला. आदेश पोचला तोवर सव्वातीन झाले होते आणि ओहोटी लागली होती. म्हणजे फाटक उघडं ठेवायची हीच वेळ. श्यामसुंदरने तो कागद वाचला. खाली सही बघितली. मग फाटक पाडलं. आत शिरलेली नदी आतच राहिली, उघडायचा दुसरा आदेश येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

कालिंदीला हे सगळं चारला कळलं. ती खिडकीवरून उठली, आपल्या टेबलाशी गेली. पुस्तक शुक्रवारी होतं तसंच होतं. फूटपट्टी लावलेल्या ओळीत 'शनिवार' वाचलं, खालची तारीख वाचली. ती खुर्चीवर बसली नाही. उभ्या उभ्याच तिने संगणक लावला, फाइल उघडली, वेळा दुरुस्त केल्या आणि वेबसाइटवर नवी चढवली. नंतर शिपायाला हाक मारून सांगितलं की छापलेल्या प्रतींत शाई फुटली आहे, वाटलेल्या सगळ्या परत आणा. तो पन्नासपैकी एकोणपन्नास घेऊन आला.

"एक फाटकावर चिकटवलेली आहे, दीदी. श्यामदा म्हणतो, भाताच्या खळीने लावलीय, निघत नाही."

७. आरोग्य
*पाणी साचल्याने डासांची पैदास होण्याची शक्यता. नागरिकांनी काळजी घ्यावी.*

बुधवारी चतुर्थी. कालिंदीने रजा टाकली होती. मोदकांची उकड मळता मळता तिची मुलगी नूपुर फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. नूपुर मराठी बोलायची, पण पाहुण्यांच्या घरात चपला कुठे काढाव्यात हे न कळणाऱ्या माणसासारखी.

"आई, हे बघ. तुझी म्युनिसिपॅलिटी. बायका डोक्यावर मशीन घेऊन चाललाय."

"चालल्यात."

"तेच. आणि ते गुलाबी काय तरंगतंय? फ्रॉक? इतके?" तिने व्हिडिओ पुन्हा लावला. "हे कुणी केलं? पाऊस तर नव्हता."

कालिंदीने हाताला तूप लावलं. पारीच्या कळ्या पाडू लागली.

"फाटकवाल्याने. वेळेवर पाडलं नाही."

"झोपला होता?"

"असेल."

श्यामसुंदरवरचं हे खोटं ती पहिल्यांदा मराठीत बोलली. तिथे ते तपासून बघणारं कुणी नव्हतं. नूपुर म्हणाली, "अशा लोकांना काढत का नाही?" आणि एक मोदक कच्चाच उचलून तोंडात टाकला.

शुक्रवारी ऑफिसात ते बांगलात बोलायची वेळ आली. सलीलबाबू तिच्या टेबलासमोर चहा घेऊन बसले. हा माणूस वाईट नव्हता. सही करण्याआधी पेन झटकायचा, एवढंच.

"कुणाचं तरी नाव लावावं लागेल, दीदी. वॉर्ड बाराच्या बायका परवा चेअरमनच्या दारात ओले गठ्ठे टाकून गेल्या. वास गेला नाही अजून."

"हं."

"श्याम म्हणतो, मी पत्रकाप्रमाणे केलं. मी वेबसाइटवर बघितलं, पत्रक तर बरोबर आहे." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते मऊ होऊन पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. "बरोबर आहे ना?"

आता बोलायचं असेल तर हीच जागा होती. तिला ते कळत होतं. सात महिने, मग निवृत्ती, शाल, नारळाच्या जागी इथे देतात ती मिठाईची पेटी. किंवा चौकशी, अडकलेली पेन्शन, आणि 'एकोणीस वर्षं हीच का ती?' असं जिन्यावर थांबून बघणारी माणसं.

"बरोबर आहे," कालिंदी म्हणाली.

सलीलबाबूंनी चमच्याने बिस्किट बाहेर काढलं. "मग शो-कॉज नोटीस देऊ या त्याला. दहा दिवसांत उत्तर. टायपिंग तुम्हीच करा, तुमची भाषा चांगली आहे."

५. घाट (पुन्हा)
*विसर्जन शांततेत पार पडले.*

चतुर्दशीच्या शनिवारी बारा वाजता मंडळ घाटावर पोचलं. साडेबाराला पाणी वरच्या पायरीला टेकलं, जणू कुणी त्याला वेळ दिली होती. मूर्ती तीनदा बुडवून सोडली तेव्हा ती क्षणभर तरंगली, किंचित वळली आणि गेली. कुणाच्या पायाला चिखल लागला नाही. गद्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अहो, मिनिटानेसुद्धा चुकल्या नाहीत बाई! टाळ्या वाजवा, टाळ्या!"

साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या. नव्याने बदलून आलेल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही याच खात्यात आहात का?"

"हो," कालिंदी म्हणाली. "हेच काम."

नूपुरने तिचा फोटो काढला. त्यात तिचे डोळे मिटलेले आले.

८. तक्रार निवारण
*आलेल्या तक्रारी ३१२. निकाली ३१२.*

सोमवारी उत्तर द्यायची शेवटची तारीख होती. श्यामसुंदर दुपारी तीनला आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. फाटकावर त्याच्या जागी बाजार खात्यातला एक माणूस बसवला होता, जो दर अर्ध्या तासाने त्यालाच वर येऊन विचारायचा, दादा, आता काय करू?

"दीदी, उत्तर लिहून द्या. सगळे म्हणतात, शो-कॉजला तुमच्या हातचं उत्तर लागू पडतं."

हे खरं होतं. या ऑफिसात निम्म्या लोकांच्या नोकऱ्या कालिंदीच्या मसुद्यांवर तरल्या होत्या. तिने संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला.

"काय लिहायचंय तुम्हाला?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते."

त्याने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पत्रक. चारी कोपऱ्यांना वाळलेल्या खळीचे पापुद्रे, भिंतीचा चुना मागे लागून आलेला. कलम चार. सोमवार, साडेपाच ते साडेआठ.

"हे जोडायचं असेल तर जोडा," तो म्हणाला आणि पंख्याखालच्या बाकावर बसला.

तो फोनबद्दल बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात बसतात तसा बसला होता. तो भोळा आहे, की तिला वाट करून देतोय, की तिची वाट अडवतोय, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने टाइप करायला घेतलं.

*पहिला मसुदा*

महोदय, छापील वेळापत्रकात सोमवारी लॉकगेट सायंकाळी साडेपाच वाजता बंद करण्याचे नमूद होते (प्रत सोबत). प्रत्यक्षात भरती दुपारी असल्याचे माझ्या लक्षात आले. मी बारा वाजून दहा मिनिटांनी कार्यालयात फोन केला असता

पुढचा शब्द तिचं नाव होता. पडद्यावर ती काळी उभी रेघ लुकलुकत राहिली. तिने मागे मागे जात सगळं पुसलं. एक एक अक्षर, कारण एकदम पुसायची कळ तिला त्या वेळी आठवली नाही.

*दुसरा मसुदा*

महोदय, वेळापत्रकात काही तफावत आढळून आल्याने संभ्रम निर्माण झाला व

तफावत म्हटली की कुणीतरी विचारणार, दाखवा. मग पुस्तक मागवणार, संगणकातल्या फाइलीची तारीख बघणार. सोमवार, चार वाजून बारा मिनिटं. तिने हेही पुसलं.

"पाणी पिता का?" तिने विचारलं.

"नको, दीदी. आत्ता घरून पिऊन आलो."

"श्यामदा, खरं सांगू का? सलीलबाबू बोललेत माझ्याशी. चूक कबूल केलीत तर ताकीद देतील आणि पंपहाउसवर बदली करतील. क्वार्टर राहू देतील. भांडलात तर निलंबन. निलंबन झालं की महिन्यात खोल्या खाली करा म्हणतील. चौकशी दोन वर्षं चालेल, तुमचं दीडच वर्ष राहिलंय."

"खरं आहे हे?"

"खरं आहे."

आणि ते खरं होतंच. त्या दहा दिवसांत ती जे बोलली त्यातलं तेवढंच खरं होतं, आणि तेवढ्याने सगळं भागत होतं.

"बायको म्हणते, या वयात कुठे जायचं," श्यामसुंदर म्हणाला. "तिला नदी नसली की झोप येत नाही. लिहा तुम्ही."

*तिसरा मसुदा*

महोदय, सोमवारी दुपारी भरतीची वेळ ध्यानात न आल्याने अनवधानाने लॉकगेट उघडे राहिले. ही चूक सर्वस्वी माझी असून कार्यालयाचा त्यात काहीही दोष नाही. माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. यापुढे असे घडणार नाही.

चांगला मसुदा होता. आखूड, नम्र, आणि 'सव्वीस वर्षांच्या' या शब्दांशी साहेब थोडा थांबेल असा. तिने छापून त्याच्यापुढे ठेवला आणि वर पेन ठेवलं.

श्यामसुंदरने पेन बाजूला केलं आणि कागद हातात घेऊन उभा राहिला. तो मनात वाचणारा माणूस नव्हता. शाळेत उभं करतात तसा, मोठ्याने, एकेक शब्द पाय टाकल्यासारखा टाकत वाचू लागला. शेजारच्या टेबलांवरची माणसं फायलींत माना घालून बसली. वाचता वाचता तो अडला.

"हा शब्द काय आहे, दीदी?"

"अनवधानाने."

"म्हणजे?"

"म्हणजे… लक्ष नसताना."

त्याने तो शब्द पुन्हा एकदा बघितला. मग तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. नदीकडे बघायचा तसं, किती चढलीय याचा अंदाज घेत.

"माझं लक्ष होतं, दीदी."

कालिंदी म्हणाली, "तो शब्द बदलू का?"

"काय घालाल त्याच्या जागी?"

तिला एकही शब्द सुचला नाही. तीन भाषांत शोधूनही.

"राहू दे," तो म्हणाला. त्याने पुढचं सगळं वाचलं, 'कार्यालयाचा काहीही दोष नाही' हेसुद्धा त्याच आवाजात वाचलं, मग खाली बसला, शर्टाची बाही दोन घड्या वर केली आणि सही केली. श्यामसुंदर हालदार. प्रत्येक अक्षर वेगळं.

टेबलावरचं पत्रक त्याने उचललं.

"हे जोडलं नाही ना?"

"नाही."

"मग माझ्याकडे राहू दे." घडी न घालता, आडवंच, त्याने ते पिशवीत सरकवलं. पिशवीचं तोंड दोनदा पिळून बंद केलं. "पोच द्या, दीदी. वेळ घालून. आज शेवटची तारीख आहे, उद्या कुणी म्हणायला नको उशीर झाला."

तिने त्याच्या प्रतीवर शिक्का मारला, आद्याक्षरं केली, तारीख घातली. वेळेपाशी तिचं पेन थांबलं. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग मनगटावरचं पाहिलं. दोन्हीत चार मिनिटांचा फरक होता. पुढच्या टेबलावरच्या चिन्मयला तिने विचारलं, त्याने फोन बघून सांगितलं. तिने लिहिलं, चार वाजून दहा मिनिटे, आणि कागद देण्याआधी पुन्हा एकदा वर पाहून खात्री करून घेतली.